गाय गाभडली होती का?

विटा

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तुम्हाला आता जनावरं हाताळायला देतात, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणून मुद्दाम लिहितोय.

माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात असा पेशंट हमखास भेटतो. कंबर धरून येतो. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं. माकडहाडाच्या वर, बाजूला बोट दाबलं की कळवळतो. कुणाचा खुबा धरतो, कुणाचा गुडघा सुजतो. संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह. सुरुवातीला एक्स-रेतही काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. मणका दुखत असेल तर आधी टीबीची शंका येते, आणि ती यायलाच हवी. पण घरची गाय किंवा शेळी गाभडली होती का, वार कुणी काढली, दूध कच्चं पिता का, हे विचारल्याशिवाय ब्रुसेलोसिस डोक्यात येतच नाही. माल्टात डेव्हिड ब्रूसना या आजाराचे जंतू १८८७ साली सापडले. ते शेळीच्या दुधातून येतात हे थेमिस्टोक्लीस झामिट यांच्यामुळे कळलं १९०५ मध्ये. मध्ये अठरा वर्षं गेली!

रोज बेंगाल चाचणी तू गाईच्या रक्तावर करशीलच, माणसासाठीही तीच. सीरमचा एक थेंब, गुलाबी द्रवाचा एक थेंब, काडीनं मिसळून चार मिनिटं हलवायचं. बारीक दाणे धरले की पॉझिटिव्ह. मात्र जनावरांत राबणाऱ्याच्या रक्तात जुन्या संसर्गाच्या खुणाही असतात. म्हणून पुढे त्यांचं प्रमाण, म्हणजे टायटर, बघतात. १:१६० किंवा वर, आणि जोडीला लक्षणं, तर निदान पक्कं धरतात. रक्ताच्या कल्चरला वेळ लागतो, आणि संशय लॅबला आधी कळवावाच लागतो, नाहीतर तिथल्या माणसालाच लागण होते.

उपचार डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, निदान सहा आठवडे. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की दुखणं उलटतं. रिफाम्पिसिन टीबीवरही चालतं, त्यामुळे निदानाआधी ते सुरू केलं तर पुढचा सगळाच घोळ.

तू स्वतःला जप. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात ती एस-१९ लस जिवंत जंतूंची आहे. सुई बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर लगेच डॉक्टर गाठ. हातमोज्यांशिवाय वारेला हात लावू नकोस. आणि गोठ्यात पॉझिटिव्ह जनावर निघालं की घरात कुणाला ताप, कंबरदुखी आहे का विचार. असेल तर डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दे: जनावर कधी गाभडलं, तपासणीत काय निघालं, एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझे,
आबा