निरुद्देश पायी फिरणे

काम नसता मोठ्या शहरात पायी हिंडणे हा आळस होय, असे आमच्या खेड्यांतील वडील मंडळींचे ठाम मत आहे. कोठे गेला होतास, असे विचारले असता माणसाने शेताचे, गुरांचे किंवा बाजाराचे नाव सांगावे; 'सहज फिरत होतो' म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात. ह्या संशयात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. घरी दाणा नसता रस्ते मोजीत हिंडणारा कोणास आवडेल? तथापि प्रश्न एवढ्यावर मिटत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून दरसाल पुष्कळ माणसे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत व मजुरीसाठी सुरतेस जातात. सुरत आम्हांस परकी नव्हे. प्रकाशा येथे जी तापी आपण पाहतो, तीच उकाईच्या धरणातून पुढे सुरतेच्या किल्ल्यावरून समुद्रास मिळते. आणि नंदुरबारची आगगाडीही सरळ तेथे जाते. असे असून, तीन-चार वर्षे तेथे राबून आलेल्या तरुणांस सुरत कशी आहे असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी स्टेशन, मजुरांचा नाका, मुकादमाची खोली व कामाची जागा एवढेच सांगितले. ज्या शहराच्या भिंती त्यांनी आपल्या हातांनी उभारल्या, ते शहर त्यांनी पाहिलेच नाही! हे आम्हांस आळसाहून अधिक दुःखाचे वाटते.

ह्याचे कारण उघड आहे. मजुराचा दिवस दुसऱ्याने आखलेला असतो. कोठे जावे, केव्हा परतावे, हे मुकादम ठरवितो. म्हणून ज्या घटकेस कोणताही बेत नाही, तीच घटका खरोखर त्याची स्वतःची असते. शिवाय, कामावर धावणाऱ्यास वाटेतील माणूस म्हणजे केवळ अडथळा. काम नसलेल्यास तोच माणूस माणूस दिसतो. पौल अथेनैत सोबत्यांची वाट पाहत असता शहरात फिरला, म्हणूनच त्या लोकांच्या पूजास्थानांकडे त्याचे लक्ष गेले. कामाच्या घाईत असता तर कदाचित गेले नसते.

आम्ही सुरतेत एक दिवस असा घालविला. स्टेशनाकडून निघून दिल्ली दरवाजा, भागळ, चौक असे गर्दीबरोबर गेलो. जुना कोट आता राहिला नाही, परंतु दरवाजांची नावे लोकांच्या तोंडी आहेत. चौकापाशी सोळाव्या शतकातील किल्ला आहे. तेथून वाट फुटेल तसे चालता कतारगाम दरवाजाकडे इंग्रजांची जुनी कबरस्ताने लागली. तेथे ऑक्झेंडन नावाच्या दोघा भावांची घुमटांची भव्य कबर आहे. त्यांपैकी जॉर्ज हा 1669 साली वारला. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा मुख्य हाच होता. शाळेत ही हकीकत आम्ही एका बाजूने वाचली होती. दुसऱ्या बाजूचा माणूस असा अवचित पायांपुढे आला. व्यापाऱ्याचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले. घुमट उभारणाऱ्या गवंड्यांची नावे कोणास ठाऊक आहेत? आमचे नाक्यावरचे तरुण आम्हांस तेथे आठवले.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या दारिद्र्याचा तमाशा पाहत हिंडणे ह्यास आम्ही फिरणे म्हणत नाही. तोरणमाळास येणारे काही शहरी लोक आमच्या पाड्यांकडे बोट दाखवून हसतात, तेव्हा आपणांस कसे वाटते? मग सुरतेच्या झोपड्यांत आपण का डोकवावे? कोणी बोलले तर थांबावे, न बोलले तर पुढे जावे.

म्हणून उपदेशकांस आमची विनंती आहे की, कामास जाणाऱ्या तरुणांस त्यांनी भटकू नका एवढेच सांगू नये. सुटीच्या दिवशी दोन-तीन सोबत्यांनी मिळून निघावे, खोलीचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवावा, परतीचे भाडे वेगळे बांधावे आणि पाय नेतील तिकडे जावे. वाट चुकल्यास चौक किंवा तापी विचारावी, कोणीही सांगेल.

राहता राहिला प्रश्न स्त्रियांचा. त्याही विटा वाहतात, परंतु सुटीच्या दिवशी चूल, धुणे व लेकरे त्यांच्याच गळ्यात असतात. त्यांनीही सुरत पाहावी असे वाटत असेल, तर एका रविवारी भाकरी पुरुषांनी भाजाव्या.