ऐकणाऱ्याचे कर्तेपण

युद्धात शस्त्र चालवणाऱ्याच्या पापपुण्याचा विचार धर्मशास्त्राने फार पूर्वीपासून केलेला आहे. परंतु जो केवळ ऐकतो, म्हणजे शत्रूचे बिनतारी संदेश गुप्तपणे टिपून आपल्या सेनापतीकडे पोचवतो, त्याचा हिंसेशी नेमका कोणता संबंध असतो, हा प्रश्न 20व्या शतकात नव्याने उभा राहिला.

इ.स. 1942 मध्ये उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याबरोबर कॅप्टन आल्फ्रेड सीबोम याच्या हाताखालची 621 क्रमांकाची बिनतारी टेहळणी कंपनी काम करत होती. ब्रिटिश अधिकारी कित्येकदा उघड भाषेत किंवा सहज उलगडणाऱ्या सांकेतिक शब्दांत एकमेकांशी बोलत, आणि त्या बोलण्यावरून कोणती तुकडी कोठे आहे व कोणीकडे सरकत आहे हे या कंपनीला कळत असे. गझालाच्या लढाईतही ही माहिती रोमेलच्या उपयोगी पडली. त्या लढाईची परिणती असलेल्या तोब्रुकच्या पाडावात, 21 जून रोजी, ज्या सैन्याला शरण जावे लागले त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही होती. तिच्या बंदिवासात सीबोमच्या यंत्रचालकांचा वाटा किती, हे कोणत्याही हिशेबाने ठरवता येणार नाही, आणि नीतिविचाराची अडचण इथूनच सुरू होते. पुढे 10 जुलै रोजी एल अलामेनजवळ तेल एल ईसा येथे ऑस्ट्रेलियाच्या नवव्या डिव्हिजनने हल्ला केला तेव्हा आघाडीच्या अगदी जवळ असलेले या कंपनीचे ठाणे नष्ट झाले, सीबोम प्राणास मुकला, आणि हाती लागलेल्या कागदांवरून ब्रिटिशांना स्वतःचा बेसावधपणा उमगला.

अशा यंत्रचालकाला सांख्यदर्शनातील पुरुषाच्या जागी बसवण्याचा मोह होतो. सांख्यमताप्रमाणे पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा साक्षी, द्रष्टा, मध्यस्थ आणि अकर्ता असतो, तर सारी क्रिया प्रकृतीची असते. ठाण्यातला माणूसही गोळी झाडत नाही, हुकूम देत नाही, बहुधा रणभूमी पाहतही नाही. परंतु सांख्यांनी पुरुषाला साक्षित्वाबरोबरच माध्यस्थ्य, म्हणजे कोणत्याही पक्षाविषयी औदासीन्य, दिले आहे, आणि नेमका तोच गुण येथे नसतो. शिवाय आकाशात एकाच वेळी असंख्य संदेश वाहत असताना त्यांतला कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, ही निवड असते, व निवड ही क्रिया आहे. सरावलेला यंत्रचालक तर मॉर्सच्या आवाजातील लय ऐकून शत्रूच्या विशिष्ट माणसाचा हात ओळखत असे. ज्याला तो इतक्या जवळून ओळखतो, त्याचेच ठिकाण तो तोफखान्याला कळवतो.

योगसूत्रांची चौकट येथे अधिक उपयोगी पडते. त्यांत हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान्यता दिलेली, अशी त्रिविध सांगितली असून लोभ, क्रोध व मोह ही तिची कारणे मानली आहेत. भाष्यकाराने तिचे 81 भेद मोजले आहेत. ऐकणाऱ्याचे कर्म यांपैकी कशातच चपखल बसत नाही. कारिताच्या ते सर्वांत जवळ जाते, कारण त्याच्यावाचून तोफेला दिशा मिळत नाही; तरीही करवून घेण्याची इच्छा त्याच्याजवळ असतेच असे नाही. लोभ, क्रोध वा मोह यांपैकी काहीही नसताना केवळ दक्षतेने घडणारी हिंसा सूत्रकाराच्या नजरेसमोर नसावी.

दुसरी बाजू याहून बिकट आहे. 1941च्या उन्हाळ्यात ब्रिटिश श्रवणठाण्यांनी पूर्व आघाडीवरील जर्मन पोलीस दलांचे संदेश टिपले, ब्लेचली पार्क येथील ब्रिटिश संकेतभेद केंद्रात ते उलगडले गेले, आणि त्यांत ठार मारलेल्या माणसांचे आकडे होते. 24 ऑगस्टच्या भाषणात चर्चिल यांनी या हत्याकांडाचा उल्लेख केला, पण ज्यूंचे नाव घेतले नाही. 12 सप्टेंबरच्या एका टिपणात तर ब्रिटिश विश्लेषकांनी असे नमूद केले की, हाती लागलेल्या सर्व ज्यूंना पोलीस मारत आहेत हे आता पुरेसे माहीत झाले असल्याने, मागणी आल्याखेरीज त्याची वेगळी नोंद पाठवली जाणार नाही. दुसऱ्याच दिवशी जर्मन पोलीसप्रमुख डालुएगे याने असे आकडे बिनतारी यंत्रावरून न पाठवण्याची ताकीद आपल्या अधिकाऱ्यांना दिली. ती ताकीद दाखवते की, उघड बोलले तर पुढचे ऐकू येणे बंद होईल हे ब्रिटिशांचे भय निराधार नव्हते; तथापि 12 सप्टेंबरच्या टिपणाचा बचाव त्याने होत नाही, कारण ते टिपण शत्रूपासून काही लपवण्यासाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याला त्या ऐकण्याचा सराव झाला म्हणून लिहिले गेले.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेविषयी असा दंडक आहे की, सभेत जाऊच नये, गेल्यास यथार्थ बोलावे, आणि गप्प बसणारा व खोटे बोलणारा हे दोघेही सारखेच दोषी होत. ठाण्यातल्या माणसाने पहिला मार्ग आधीच सोडलेला असतो, दुसरा त्याच्या वरिष्ठांनी बंद केलेला असतो. आणि त्या मौनाचा निर्णय सभेबाहेरचे लोक घेत असल्यामुळे, त्याचा दोष एकट्या ऐकणाऱ्याच्या माथी मारणे हे न्यायापेक्षा सोयीचे अधिक ठरते.