गर्भस्थाचा वांटा

न्यायाचा विचार करतांना आपण दोन पक्ष गृहीत धरतों: अपाय करणारा व तो सोसणारा. परंतु अपाय घडला तेव्हां जो जन्मासच आला नव्हता, त्याची फिर्याद कोणी मांडावी? हा प्रश्न केवळ तार्किकांच्या करमणुकीचा नव्हे.

१९७३ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत एका रासायनिक कारखान्यांतून गुरांच्या खाद्यांत मिसळावयाच्या मॅग्नेशियम ऑक्साइडाऐवजीं, वस्तूंना सहजासहजीं आग लागूं नये म्हणून वापरावयाच्या ब्रोमीनयुक्त रसायनाचीं पोतीं पाठविलीं गेलीं. दोन्ही मालांचीं नांवें जवळजवळ सारखीं होतीं, एवढेंच निमित्त! तें रसायन गाईंच्या दुधांत उतरलें, दुधांतून गर्भवतींच्या रक्तांत व तेथून गर्भांत. सुमारें ३०,००० गुरें मारावीं लागलीं. पण चरबींत मुरलेलें तें द्रव्य माणसांच्या देहांतून वर्षानुवर्षें हटलें नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, ज्या मुलींना गर्भांत त्याची मात्रा अधिक पोहोंचली व पुढें आईचें दूधहि मिळालें, त्यांना ऋतुप्राप्ति सरासरी साडेअकराव्या वर्षाच्या सुमारास झाली. इतर मुलींना ती बारा वर्षें उलटल्यावर झाली होती.

यावर कोणी म्हणेल कीं, यौवन थोडें आधीं आलें म्हणजे कांहीं रोग जडला नाहीं. शिवाय त्या मुलींना याहून निराळा देह कधीं लाभलाच नव्हता, मग त्यांचें गेलें काय? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण आपल्या हिंदु कायद्याकडे पाहावें. वडिलार्जित मालमत्तेंत गर्भस्थ अपत्याचाहि हिस्सा त्यानें मानला आहे. मूल तेव्हां जन्मलें नव्हतें, शेत त्यानें कधीं पाहिलें नव्हतें, या सबबीवर त्याचा वांटा कोणास गिळंकृत करतां येत नाहीं. ज्याला शेतांत वांटा आहे, त्याला स्वतःच्या रक्ताच्या निर्मळपणावर हक्क नसावा, हें कोणतें तर्कशास्त्र? अकालीं यौवन रोग नसेलहि; पण बालपणाचे जे महिने गेले, ते कोणाच्या अनुमतीनें? आनुवंशिक गुणदोषांबद्दल कोणास जाब विचारतां येत नाहीं, कारण त्यांना कर्ता नाहीं. निष्काळजीपणाला मात्र कर्ता असतो.

खरी अडचण पुराव्याची आहे. चूक १९७३ ची, निष्कर्ष २००० चा. मधल्या २७ वर्षांत त्या मुली वयांत येऊन मोठ्याहि झाल्या. नुकसान झालें त्यानेंच तें शाबीत करावें, हा सामान्य नियम. परंतु फिर्यादी अजून जन्मावयाचा असतां हा नियम म्हणजे आरोपीस दिलेलें अभयपत्रच होय. अशा ठिकाणीं भार उलट फिरला पाहिजे. आपलें द्रव्य गर्भास निरुपद्रवी आहे, हें तें बाजारांत आणणाऱ्यानें आधीं सिद्ध करावें. यामुळें कांहीं उपयुक्त वस्तु उशिरां मिळतील, कांहीं महागतील. पण अज्ञान पाल्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकाला एवढी तोशीस सोसावीच लागते.