पाचवीला पुजलेले आणि केंद्रकात वाचलेले

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याचे पुढचे सारे कपाळी लिहून जाते, या श्रद्धेने बऱ्याच घरांत पूजेच्या पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आज ही श्रद्धा अनेकांनी सोडली आहे, पण तिच्यातला विचार सोडलेला नाही. मधुमेह असो, तापट स्वभाव असो की गणितातली गती, ‘जीन्समध्येच आहे, त्याला तो काय करणार’ असे आता सहज म्हटले जाते. म्हणजे प्रारब्ध मानणारा आणि न मानणारा, दोघेही शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: लिहिलेले टळत नाही. पेशीच्या केंद्रकात प्रत्यक्ष काय चालते ते नीट पाहिले तर या निष्कर्षाचा पाया ढासळतो, असे माझे म्हणणे आहे. लिहिलेले असणे वेगळे आणि घडणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये केंद्रकातली प्रथिने उभी आहेत.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे 2 मीटर भरतो, आणि तो मावतो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात. हे जमते ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांमुळे. आठ हिस्टोन एकत्र येतात, त्यांच्याभोवती डीएनएची 147 अक्षरजोड्यांची लांबी जवळजवळ पावणेदोन वेढे घेते, आणि असे गुंडाळे ओळीने लागत जातात. आल्ब्रेख्त कोसेल यांनी 1884 मध्ये हिस्टोन शोधली, तरी पुढे कित्येक वर्षे त्यांच्याकडे निव्वळ बांधाबांध करणारी प्रथिने म्हणूनच पाहिले गेले. 1964 मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी दाखवले, की हिस्टोनवर बसणाऱ्या छोट्या रासायनिक गटांचा जनुके वाचली जाण्याशी संबंध आहे. वेढे घट्ट असले की जनुक मुके राहते, सैल झाले की बोलू लागते. कुठले सैल करायचे, हे ठरवण्यात अक्षरांचा क्रम ओळखून डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. माणसात अशी सुमारे 1,600 प्रथिने आहेत. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत मजकूर एकच असूनही दोघींचे आयुष्य इतके निराळे होते ते यामुळेच. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचापेशींत अशा चार प्रथिनांची जनुके घातली, आणि त्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्या झाल्या. मूळ मजकूर होता तोच होता. वाचणारे बदलले होते.

विदर्भातल्या आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या अनेक कुटुंबांना सिकल सेल हा आजार नव्याने सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. आई-वडील दोघांकडून हा दोष आला तर लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदनांचे झटके येतात. लिहिलेल्या नशिबाचे याहून पक्के उदाहरण सापडणे कठीण. तरीही हा दोष पुरता घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते आणि त्यात ती सदोष साखळी नसते. पुढे गर्भातल्या हिमोग्लोबिनचे जनुक मिटत जाते. ते मिटवण्यात बीसीएल-11-ए या केंद्रकातल्या प्रथिनाचा मोठा हात आहे, हे 2008 मध्ये कळले. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला एक जनुकीय उपचार याच ज्ञानावर उभा आहे. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशींत असा बदल करतात, की त्यांच्यापासून होणाऱ्या लाल पेशींत या प्रथिनाचे उत्पादन घटते. सिकलचे अक्षर जिथल्या तिथे राहते आणि गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. कुणी म्हणेल, यातही डीएनए दुसरीकडे कापावाच लागतो, म्हणजे लिखाण बदललेच. खरे आहे. पण त्या बाळाच्या निरोगी महिन्यांत कुणी काही कापलेले नव्हते.

खरा आक्षेप याहून खोल आहे. ही वाचणारी प्रथिनेही डीएनएवरच लिहिलेली असतात. मग मजकुराचीच सत्ता मागच्या दाराने परत आली नाही का? नाही, कारण नुसता मजकूर घेऊन कुठलाच जीव सुरू होत नाही. बीजांड येते ते आईने भरून दिलेल्या प्रथिनांसह, आणि ती प्रथिने तिच्या पेशीत तयार झाली तेव्हाही आधीची वाचणारी प्रथिने हजर होतीच. मागे कितीही गेलो तरी एकटे लिखाण सापडत नाही. आपल्या दर्शनांना हा पेच नवा नाही. कर्म आधी की देह आधी, या प्रश्नावर शंकराचार्यांनी बीज आणि अंकुर यांचा दाखला देऊन संसार अनादी मानला. ज्या परंपरेचे नाव घेऊन आपण ‘लिहिलेले’ म्हणतो, तिनेच पहिल्या लेखकाचा शोध सोडून दिला होता.

यातून माणूस स्वतंत्र आहे हे सिद्ध होते का? तेवढा दावा मी करणार नाही. प्रथिनेही कार्यकारणाच्या नियमानेच चालतात. प्रोजेरिया या आजारात तर एका अक्षराच्या बदलाने केंद्रकाच्या अस्तरातले लॅमिन-ए हे प्रथिन बिघडते आणि मूल अकाली म्हातारे होते. तिथे वाचनाला फारशी जागाच उरत नाही. उलट्या टोकाला जाणारेही आहेत. मनातल्या विचारांनी जनुके बदलतात, गर्भारपणी आईने अमुक ऐकले नाही म्हणून मूल असे झाले, हे विज्ञानाच्या नावाने सांगितले जाते तेव्हा मला फार वाईट वाटते. दैवाचे ओझे उचलून ते एका बाईच्या डोक्यावर ठेवायचे, एवढेच त्यातून होते. माझा मुद्दा मर्यादित आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि दैव त्यांतले पाचवे आहे. दैव नाकारलेले नाही, पण त्याला एकट्याला गादीवरही बसवलेले नाही. केंद्रकातही मला हीच मांडणी दिसते: मजकूर हे एक कारण, आणि वाचणारी प्रथिने, पेशीची अवस्था, अन्न, औषध ही आणखी कारणे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. हायड्रॉक्सियुरिया हे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध सिकलचे एकही अक्षर बदलत नाही. ते गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते आणि अनेक रुग्णांचे झटके कमी करते. ते रोज घ्यावे लागते आणि रक्त वरचेवर तपासावे लागते. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरचे मूल वेदनेने तळमळत असेल, तर त्याच्या पूर्वजन्माकडे बोट दाखवण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात हे औषध होते का आणि त्याचे रक्त शेवटचे कधी तपासले गेले, हे विचारावे लागते. या प्रश्नांची उत्तरे कपाळावर मिळत नाहीत. ती औषधसाठ्याच्या नोंदवहीत असतात.