छापले म्हणून खरे?



मागे एका भाच्याने मला फोनवर बातमी दाखवली. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली कथा म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केली! घरातील सगळे हरखले. मीही हरखले. पण जन्मभर वह्या तपासलेल्या बाईला नुसते उत्तर पुरत नाही, रीतही पाहावी लागते.

मूळ लेख मार्च २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. असा लेख विद्वत्तेचा आहे हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. संशोधकांची नावे व संस्था, अभ्यासाची पद्धत आणि आधारग्रंथ त्यात दिलेले असतात. लेख कधी आला व कधी स्वीकारला, या तारखाही बहुधा असतात. त्या दोन तारखांच्या मध्ये त्याच विषयाचे जाणकार तो तपासतात, शंका काढतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. अशाच नियतकालिकातील संपादकीय किंवा वाचकांची पत्रे सहसा या चाळणीतून जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आता लेख काय म्हणतो? आपल्या समाजातील १८ व्यक्तींच्या तपासणीवरून, आपल्यात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आहे आणि हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले. गलबत फुटल्याचे यातून सिद्ध होत नाही. ते बातमीच्या मथळ्याने परस्पर जोडले.

चाळणीतूनही खडा सुटतो. लस व ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा लेख ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. उलट, हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आपला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्याला असा शिक्का नाही, म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. समाजाने स्वतःविषयी काय जपले, याची ती साक्ष आहे. मात्र साक्ष ती साक्ष आणि पुरावा तो पुरावा.

आपल्याला न आवडणारी बातमी आपण दहा वेळा तपासतो. आवडणारी मात्र लगेच पुढे पाठवतो. खरी परीक्षा इथेच आहे. उद्या नातवंडे या अमेरिकेत कॉलेजात जाऊन हाच लेख मुळातून वाचतील. तेव्हा आजीने फुगवून सांगितले, असे त्यांना वाटू नये. कथा कथा म्हणूनच सांगावी. तिची गोडी त्याने कमी होत नाही.