दोन अक्षरांचा प्रश्न

काही प्रश्न दूरदेशाहून येतात आणि उघडून पाहावे तो आपल्याच परसातले निघतात. माझे तसेच झाले.

माझी पुतणी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन या राजधानीच्या शहरी असते. तिची दोन मुले तेथल्या सरकारी शाळेत जातात. त्या शाळांच्या पैशावरून तेथे मोठा वाद माजला होता. त्याची हकीकत कळवून तिने शेवटी विचारले होते, "काका, कायद्यात बसते ते सारे न्यायाचे म्हणायचे का?" पत्र वाचून मी बराच वेळ नुसताच बसून राहिलो. का, ते शेवटी सांगतो.

हकीकत अशी. विस्कॉन्सिनचा राज्यपाल आपल्याकडच्यासारखा नेमलेला नसतो. लोक त्याला निवडून देतात आणि कारभारही तोच पाहतो. खर्चाच्या विधेयकातला काही भाग नामंजूर करून उरलेला मंजूर करण्याचा अधिकार त्याला १९३० सालच्या घटनादुरुस्तीने मिळाला. परंतु ‘भाग’ म्हणजे केवढा, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे राज्यपाल शब्दांतली अक्षरे खोडून नवेच शब्द बनवू लागले, तेव्हा १९९० साली लोकांनी ते बंद केले. वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून नवे वाक्य करण्याची वाट मात्र उघडी राहिली. तीही २००८ साली बंद झाली. आकडे तेवढे मोकळे राहिले.

२०२३ साली विधिमंडळाने शाळांना दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर अधिक उभारण्याची मुभा दिली. ती दोन वर्षांपुरती, २०२३–२४ आणि २०२४–२५. त्या वेळचे राज्यपाल टोनी एव्हर्स हे मूळचे शिक्षक. त्यांनी लेखणी उचलली आणि मधले काही शब्द, एक ‘२०’ आणि एक आडवी रेघ एवढे खोडले. उरले काय? ‘२४२५’! दोन वर्षांची वाढ चारशे वर्षांची झाली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५च्या एप्रिलात चार विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ते खोडणे वैध ठरवले.

ही कथा ऐकून मराठी माणसाला कोणाची आठवण येईल, हे सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकुमात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, असे लोक सांगत आले. ती आख्यायिकाही असेल. पण ‘ध’चा ‘मा’ आपल्या भाषेत कायमचा राहून गेला. माझ्या मनानेही पहिला निकाल तोच दिला : हा ‘ध’चा ‘मा’, म्हणून वाईट.

परंतु निकाल इतका सोपा नाही. आख्यायिकेतले अक्षर चोरून बदलले गेले, आणि तेही जीव घेण्यासाठी. या गृहस्थांनी आकडे खोडले ते उघडपणे, मिळालेल्या अधिकाराने, मुलांच्या शिक्षणासाठी. शिवाय समोरची बाजू तरी कोठे भोळी होती? हे राज्य म्हणजे अगदी तागडीचा काटा. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत तेथला निकाल तीस हजारांहून कमी मतांनी लागला, आणि दर वेळी पारडे फिरले. असे असता २०११ साली रिपब्लिकन पक्षाच्या विधिमंडळाने मतदारसंघांच्या सीमा अशा काही आखल्या की, २०१२ साली निम्म्याहून कमी मते पडूनही त्या पक्षाला विधानसभेच्या ९९पैकी ६० जागा मिळाल्या. २०१८ साली डेमोक्रॅट पक्षाचे एव्हर्स राज्यपाल निवडून आले, तरी विरुद्ध पक्षाच्या जागा ६३! एवढेच नव्हे, तर ते पदावर बसण्यापूर्वीच डिसेंबरात अधिवेशन भरवून नव्या राज्यपालाचे काही अधिकार कापून टाकण्यात आले. त्याच वळणाचे पुढचे नकाशे न्यायालयाने २०२३च्या डिसेंबरात रद्द केले, तेही मतदारसंघ ‘सलग’ असावा या घटनेतल्या एका शब्दाच्या आधारे. नव्या नकाशांवर २०२४ साली जागा ५४ विरुद्ध ४५ अशा आल्या.

तेव्हा ‘त्यांनी रेघा ओढल्या, मी आकडे खोडले’ असे कोणी म्हटले, तर त्याचे तोंड कसे धरावे?

मला वाटते, खरी मेख येथेच आहे. आपली लबाडी आपल्याला चातुर्य वाटते आणि दुसऱ्याचे चातुर्य लबाडी. चांगला हेतू ही कसोटी चालत नाही. कारण आपला हेतू वाईट होता असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. कागदावर सही होताना दोन्ही बाजूंनी जो अर्थ मनात धरला होता, तोच आपण आज धरतो काय, एवढेच स्वतःला विचारता येते. कागद शब्दांनी लिहिला जातो, पण टिकतो तो या भरवशावर. विस्कॉन्सिनच्या लोकांनी एक भोक बुजवले, दुसरे बुजवले, तरी तिसरे निघालेच. कायद्याने भोके बुजतात. भोके शोधणारी नजर बुजत नाही. ती ज्याची त्यानेच खाली घालायची असते.

मग समोरचा थांबत नसताना आपण एकट्यानेच थांबून मार खावा का? राज्यकर्त्यांच्या वतीने याचे उत्तर मला देता येत नाही. शाळेत मास्तर कमी पडले तर पोरांचे होणारे नुकसान माझ्या तत्त्वाने भरून येत नाही. पण माझ्यापुरते बोलायचे तर मला तीही सबब नव्हती.

आमच्या कोकणातल्या घराची वाटणी १९७१ साली झाली. वाटणीपत्रात एक ओळ होती : ‘परसातील हापूसच्या झाडावरचे आंबे उभयतांनी निमे निमे घ्यावेत.’ पुढे एका वैशाखात वादळ झाले आणि सारा माल खाली आला. मी तो गोळा करून घरात भरला. माझे चुलतभाऊ बापूदादा वाटा मागायला आले, तेव्हा मी त्यांना कागद दाखवला. "दादा, यात ‘झाडावरचे’ लिहिले आहे. हे तर पडलेले." दादांनी चष्मा लावून ओळ वाचली, कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि ते निघून गेले. त्या दिवाळीत त्यांच्या घरून फराळाचे ताट आले नाही. त्यानंतरही कधी आले नाही. मॅडिसनची पुतणी ही त्यांचीच मुलगी. तिच्या पत्रात आंब्यांचे अवाक्षर नव्हते.

परवा मी वाटणीपत्र घेऊन दादांकडे गेलो. त्यांच्यासमोर त्या ओळीतली दोन अक्षरे खोडली. ‘झाडावरचे’मधला ‘वर’ गेला, ‘झाडाचे’ उरले. दोघांनी बाजूला सही केली. दादा म्हणाले, "आता झाडाला मोहोर तरी कितीसा येतो!" मी म्हटले, "येईल तेवढा." पाडव्याला त्यांनी जेवायला बोलावले आहे.