नोहाचे तारू आणि शेवटचा दिवस



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. उपासनेचे नवे वर्ष आपण आज सुरू करीत आहोत आणि 'अ' वर्षाच्या वाचनक्रमाप्रमाणे पहिल्याच दिवशी आपल्यासमोर जगाच्या शेवटाचा उतारा येतो (मत्तय २४:३७-४४). वर्षाची सुरुवात शेवटाने! गोठा, कंदील आणि नाताळच्या फराळाचे वेध लागलेले असताना हे वाचन कानाला थोडे खटकते. पण याच उताऱ्यात प्रभू येशू आपल्याला बायबलच्या अगदी पहिल्या पानांकडे घेऊन जातो. मनुष्याच्या पुत्राचे येणे नोहाच्या दिवसांसारखे असेल, असे तो सांगतो.

म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील जुन्या कथा शेवटच्या दिवसाविषयी काही बोलतात का, या प्रश्नाला आपण 'नाही' असे उत्तर देऊ शकत नाही. खुद्द प्रभूनेच तो संबंध जोडला आहे. प्रश्न एवढाच उरतो की त्या कथांत आपण काय शोधायचे.

हा विषय आजच घेण्याला कारण आहे. मध्यंतरी मिस्सानंतर एक आई भेटायला आली. मुलगा बारावीला. तो बाहेरच्या कुठल्याशा प्रार्थना गटात जाऊ लागला आहे. तिथे त्याला एक तक्ता मिळाला. निर्मितीचे सहा दिवस म्हणजे सहा हजार वर्षे, मग नोहा, मग जलप्रलय, आणि तक्त्याच्या टोकाला आपला काळ, 'आता थोडेच दिवस' असे लिहिलेला. तेव्हापासून मुलाने पुस्तके बाजूला ठेवली आहेत. रात्री दिवा लावून झोपतो. प्रभू येणारच आहे, तर परीक्षा कशाला, असे विचारतो. आई म्हणाली, "फादर, त्या कागदाला खोटं म्हणावं, तर बायबललाच खोटं म्हटल्यासारखं वाटतं." त्या माऊलीची अडचण खरी आहे आणि अशी अडचण आपल्या आणखी काही घरांत असावी, असे मला वाटते.

असे तक्ते नवे नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाचे एक रेडिओवरील बायबल शिक्षक होते. उत्पत्ती ७:४ मध्ये देव नोहाला सांगतो की सात दिवसांनी पाऊस सुरू होईल. संत पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:८) म्हटले आहे की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. कॅम्पिंग यांनी दोन्ही वचने जोडली. सात दिवस म्हणजे सात हजार वर्षे. त्यांच्या हिशेबाने जलप्रलय इसवी सनापूर्वी ४९९० साली झाला. त्यात सात हजार मिळवून त्यांनी तारीख काढली, २१ मे २०११. मोठमोठे फलक लागले. काही लोकांनी नोकऱ्या सोडल्या, कोणी आयुष्यभराची पुंजी जाहिरातींवर घातली. २१ मे आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि जगभर नेहमीप्रमाणे मिस्सा झाली. मग त्यांनी ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. याआधी १९९४ चा अंदाजही असाच फसला होता. शेवटी मार्च २०१२ मध्ये, तारीख सांगण्यात आपण चुकलो, ते पाप होते, असे त्यांनी जाहीर पत्रात कबूल केले. २०१३ साली ते वारले. वृद्ध माणसाने आपली चूक उघडपणे मान्य केली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ज्यांची पुंजी गेली त्यांना मात्र ती परत मिळाली नाही.

हिशेबात चुकले कुठे? सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला एक गोष्ट लगेच दिसते. 'सारखा' म्हणजे 'बरोबर' नव्हे. शिवाय संत पेत्राचे वाक्य तिथे संपत नाही. एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षे एका दिवसासारखी, असे तो दोन्ही बाजूंनी सांगतो. हे गणिताचे सूत्र मानले, तर एका हाताने गुणायचे आणि दुसऱ्या हाताने भागायचे, हाती काहीच उरणार नाही. पुढच्याच ओळीत पेत्र आपले म्हणणे स्पष्ट करतो: प्रभू उशीर करीत नाही, तो धीर धरतो आहे, कारण कोणाचाही नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. लोकांनी दिवस मोजणे थांबवावे म्हणून लिहिलेले वचन लोकांनी दिवस मोजण्यासाठीच वापरले!

आणि हा मोह फक्त आजच्या पंथांना झाला असे कोणी समजू नये. तिसऱ्या शतकाच्या आरंभी संत हिप्पोलितस यांनी दानिएलच्या पुस्तकावर भाष्य लिहिले. सहा दिवसांचे सहा हजार वर्षे त्यांनीही धरले होते. कराराच्या कोशाची लांबी अडीच हात, रुंदी दीड आणि उंची दीड, मिळून साडेपाच हात. म्हणून ख्रिस्त साडेपाच हजाराव्या वर्षी आला, असा त्यांचा हिशेब. म्हणजे शेवटाला अजून बराच अवकाश होता आणि घाबरलेल्या लोकांना शांत करणे हाच त्यांचा हेतू होता. त्याच भाष्यात ते पोंतस प्रांतातील एका ख्रिस्तसभेच्या पुढाऱ्याची हकिकत सांगतात. त्याला स्वप्ने पडली आणि एका वर्षात न्यायाचा दिवस येणार, असे त्याने लोकांना सांगितले. लोकांनी शेते नांगरली नाहीत, पुष्कळांनी घरदार विकले. वर्ष सरले. ज्यांनी सर्व विकले होते, त्यांच्यावर भीक मागायची पाळी आली. पुढे संत ऑगस्टीन यांनीही सहा दिवसांत जगाच्या इतिहासाची सहा युगे पाहिली, पण सहावे युग, म्हणजे आपले, किती लांब आहे हे मोजता येणार नाही, असे सांगून त्यांनी हिशेब तिथेच थांबवला. ख्रिस्तसभेने पुढे हाच सुज्ञ मार्ग धरला. आजच्या उताऱ्याच्या लगेच आधीचे वचन (२४:३६) आठवा. तो दिवस आणि ती घटका स्वर्गातील दूतांनाही ठाऊक नाही. ज्या अध्यायात नोहा आहे, त्याच अध्यायात तारीख शोधण्याची मनाई आहे.

मग प्रभूला नोहाच्या गोष्टीतून काय दाखवायचे आहे? उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात पृथ्वी अत्याचाराने भरली होती, असे लिहिले आहे. येशू त्याचा उल्लेखच करीत नाही. लोक खात होते, पीत होते, लग्ने करीत होते, एवढेच तो सांगतो. यात पाप कोणते? आपल्याकडेही हळद लागते, मांडव पडतात, पंगती बसतात. नोहाही जेवतच असणार, त्याच्याही मुलांची लग्ने झाली होती. फरक इतकाच की नोहा जेवून उठल्यावर लाकूड तासायला जात होता. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, तीन मजले, आतून बाहेरून डांबर. समुद्रावर जाणाऱ्या आपल्या बांधवांनी हा अध्याय एकदा वाचून पाहावा. एवढ्या बारीक मापांत सुकाणूचा किंवा शिडाचा उल्लेख कुठेही नाही. तारू कुठे न्यायचे, हे नोहाच्या हाती नव्हतेच. दारसुद्धा देवाने बंद केले (७:१६).

आणखी एक गोष्ट पाहा. देवाने नोहाला तारू बांधायला सांगितले, तेव्हा प्रलय केव्हा येणार हे सांगितले नाही. सात दिवसांची सूचना मिळाली ती तारू बांधून झाल्यावर. म्हणजे ज्या वचनातून लोक तारीख काढतात, त्याच्या आधीचे सारे काम नोहाने तारखेशिवाय केले. रोजचे काम, रोजचा विश्वास. थेस्सलनीकात काही जण प्रभूचा दिवस आला म्हणून कामधंदा सोडून बसले होते. संत पौलाने त्यांना निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितले (२ थेस्स. ३:१०-१२). त्या बारावीच्या मुलालाही मी हेच सांगेन. प्रभू आज रात्री आला, तर गणिताचे पुस्तक उघडून बसलेला मुलगा त्याला सापडू दे. त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

भीतीविषयीही थोडे बोलले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात होते, रेल्वे बंद होती. दोन्ही वेळा 'नोहाचा प्रलय' हे शब्द कानावर आले, देवाचा कोप झाला असे लोक बोलले. पण नोहाची गोष्ट पावसाबरोबर संपत नाही. नवव्या अध्यायात देव नोहाशी, त्याच्या वंशजांशी आणि प्रत्येक सजीव प्राण्याशी करार करतो, की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही. मेघांत धनुष्य ठेवतो, आणि ते पाहून मी माझ्या कराराची आठवण ठेवीन, असे देव स्वतःविषयी म्हणतो. नाले बुजवून, मिठागरे आणि पाणथळ जागा भरून आपण जे पाणी घरात घेतो, त्याचा दोष देवावर टाकू नये.

आता बायबलचे शेवटचे पुस्तक उघडा. योहानाला स्वर्गातील सिंहासन दिसते आणि त्या सिंहासनाभोवती मेघधनुष्य आहे (प्रकटी. ४:३). एदेन बागेतून माणूस बाहेर गेला, तेव्हा जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट बंद झाली होती. शेवटच्या अध्यायात ते झाड नगरीत उभे आहे, बारमाही फळ देत आहे आणि त्याची पाने राष्ट्रांना बरे करण्यासाठी आहेत (२२:२). पहिल्या पानांचा आणि शेवटच्या पानांचा संबंध मी मानतो तो असा. तक्ते करणाऱ्यांच्या हातून नेमके हे धनुष्य आणि हे झाड निसटते. पास्काच्या रात्री स्नानसंस्काराचे पाणी आशीर्वादित करताना आपण जलप्रलयाची आठवण करतो, तेही याच विश्वासाने. त्या पाण्यातून आपण पार झालो आहोत. येणारा न्यायाधीश अनोळखी नाही. प्रत्येक मिस्सात समर्पणानंतर त्याच्या पुन्हा येण्याची घोषणा आपण उभे राहून, मोठ्या आवाजात करतो.

आगमनकाळाच्या या चार आठवड्यांत दर बुधवारी सायंकाळच्या मिस्सानंतर सभागृहात उत्पत्ती ६ ते ९ हे अध्याय आपण एकत्र वाचणार आहोत. ज्यांच्या घरी असे तक्ते किंवा मोबाइलवर आलेले संदेश असतील, त्यांनी ते संकोच न करता बरोबर आणावेत. तरुणांनी अवश्य यावे, वाटल्यास वाद घालायला यावे. बायबल मात्र घरचेच आणावे, सभागृहात आठच प्रती आहेत.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू